आडनावबंधू वॉशिंग्टन

आजचा विषय म्हणजे एकच शब्द. वॉशिंग्टन.

सुरुवात घरातूनच करतो. माझा आतेभाऊ नोकरीसाठी वॉशिंग्टनला गेला, तेव्हा आत्याने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. ‘व्हाइट हाउसच्या गावाला गेलाय,’ असं सगळ्यांना सांगितलं. आठवड्याने त्याचा व्हिडिओ कॉल आला. ‘आई, मी सिॲटलजवळ आहे गं. व्हाइट हाउस इथून विमानाने पाच तास!’ आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू अमेरिकेतल्या गावांची बारशी मीच केली आहेत.

आता गंमत ऐका. राजधानीला वॉशिंग्टन हे नाव मिळालं १७९१ मध्ये. सिॲटलच्या बाजूचा प्रदेश वेगळा झाला १८५३ मध्ये. त्याचं नाव आधी कोलंबिया ठरत होतं. पण अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एक सदस्य म्हणाले, राजधानी ज्या भागात आहे त्याला ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ म्हणतात, उगाच लोकांचा गोंधळ होईल. त्यापेक्षा याला वॉशिंग्टन म्हणा! म्हणजे गोंधळ टाळायला ठेवलेल्या नावाने आमच्या आत्याला पेढ्यांचा खर्च पडला. १८८९ मध्ये त्या प्रदेशाचं राज्य झालं, नाव तेच राहिलं.

ही दोन्ही नावं जॉर्ज वॉशिंग्टनवरून आली, हे तुम्हाला माहीत असेलच. पण जॉर्जचं आडनाव आलं कुठून? तर तेही एका गावावरूनच! इंग्लंडच्या ईशान्येला, सन्डरलंड शहराजवळ वॉशिंग्टन नावाचं जुनं गाव आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी विल्यम नावाच्या एका सरदाराकडे तिथली जमीन आली आणि त्याने गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. अगदी आपल्या ‘कर’सारखं. या घराण्यातला जॉन वॉशिंग्टन १६५०च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. जॉर्ज त्याचा पणतू. म्हणजे गावाने माणसाला नाव दिलं आणि माणसाने पुढे शहराला, राज्याला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता जरा कान देऊन ऐका.

१७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारले, तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ खुद्द जॉर्ज यांच्या मालकीचे. त्यांना मुक्त करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. पण एक जण इतका थांबलाच नव्हता. त्याचं नाव हॅरी. आफ्रिकेतून आणलेला, जॉर्जनी विकत घेतलेला. १७७६ मध्ये, म्हणजे मालक इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई लढत असताना, हा पळून इंग्रजांनाच जाऊन मिळाला. कारण गुलामांना स्वातंत्र्य द्यायला तिथे इंग्रज तयार होते! युद्ध संपल्यावर तो आधी कॅनडात गेला आणि १७९२ मध्ये आफ्रिकेत, सिएरा लिओनला. कागदोपत्री त्याचं नाव आहे हॅरी वॉशिंग्टन. ज्याच्या तावडीतून सुटला, त्याचंच आडनाव.

आणखी एक मुलगा. १८५६ मध्ये गुलामीतच जन्मलेला. त्याला नुसतं बुकर म्हणत. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली आणि बुकर शाळेत जायला लागला. हजेरी सुरू झाली. सगळ्यांना दोन-दोन, कुणाला तर तीन-तीन नावं! ह्याच्याकडे एकच. त्याची पाळी आली, गुरुजींनी पूर्ण नाव विचारलं. पोराने शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. जणू जन्मापासून तेच होतं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. पुढे १८८१ मध्ये त्यांनी टस्कीगीची संस्था उभी केली. १९०१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं आणि एका कृष्णवर्णीय माणसाला त्या टेबलावर बसवलं म्हणून दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी थयथयाट केला. शहराचं नाव वॉशिंग्टन, पाहुण्याचं आडनाव वॉशिंग्टन, तरीही!

आता आकडा सांगतो. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं होती. त्यांतली सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. सगळ्यांचे पूर्वज काही जॉर्जच्या इस्टेटीवरचे नव्हते. मुक्त झाल्यावर कुणी जुन्या मालकाचं आडनाव पुढे चालवलं, कुणी मुद्दाम टाळलं, कुणी बुकरसारखं स्वतः निवडलं. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन आणि आपला लाडका डेन्झेल वॉशिंग्टन, दोघं याच आडनावाचे. जॉर्जना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांचं आडनाव आज जिवंत आहे, ते मुख्यतः या लोकांमुळे.

हे वाचताना मला आपल्याकडची एक वाट आठवत राहिली. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. त्या गावावरून आलेलं आडनाव शाळेत ‘आंबेडकर’ झालं. आणि ज्या महूला बाबासाहेब जन्मले, त्या गावाचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. गावातून माणसाकडे, माणसातून परत गावाकडे.

माझंही आडनाव ‘कर’वालंच आहे. पण खरं सांगू? ते गाव मी फक्त फोनच्या नकाशावर पाहिलंय. आमच्यातलं कोण तिथून निघालं, का निघालं, घरात कधी विचारलंच नाही. आणि बुकरने वर्गात उभं राहून जे मिळवलं, ते मला फुकट मिळालं, तेही बारशाच्या दिवशी.

तर रेकॉर्डिंग बंद केलं की आधी आत्यालाच फोन करणार आहे. तिला माहीत असेल. तुम्हीही आज घरी एवढं विचारा आणि जे ऐकायला मिळेल ते व्हॉइस नोटवर मला पाठवा. भेटू पुढच्या भागात!