धुराची बारीक रेघ

कपाशीच्या दिवसांत अंबड-घनसावंगीकडे सकाळीच फवाऱ्याच्या इंजिनांचा आवाज सुरू होतो. पाठीवर बांधायचा हा पेट्रोलचा पंप. टू-स्ट्रोक इंजिन छोटंसं, पण स्वभाव हट्टी. त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण पंचवीसास एक असेल, तर लिटरला ४० मिलि.

खरी गंमत कार्ब्युरेटरची. पेट्रोल कमी, हवा जास्त केली की धूर नाहीसा होतो, आवाज चढतो, मालक खूश! पण पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. मिथेनॉल-नायट्रोमिथेनवर रिमोटचे ट्रक पळवणारे हौशी लोकही याच कारणाने सुई एका वेळी फेऱ्याचा आठवा भागच फिरवतात, मग कान देतात.

जाणता मिस्त्री धुराची बारीक रेघ राखतो. चढा सूर आम्हा कवींनाही भुलवतोच म्हणा! पण हे इंजिन तापतं ते रोजंदाराच्या पाठीवर, विषारी औषधाच्या टाकीखाली. पंप भाड्याने देणाऱ्यांनी तेलाचं प्रमाण कॅनवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावं, आणि पंप देताना तोंडानेही सांगावं.