कोयता कोणाच्या हातात

(नगरपालिकांच्या उद्यान व वृक्ष विभागांत काम करणाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात राज्यातल्या बहुतेक तालुक्याच्या गावी एकच दृश्य दिसते. पेठेतल्या रस्त्यावर महावितरणची गाडी उभी असते आणि मान्सूनपूर्व देखभालीसाठी वीज बंद असते. दुपारपर्यंत तारांखालचे कडुनिंब, करंज, पर्जन्यवृक्ष एका अंगाने सपाट झालेले असतात. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा ठेकेदार येतो आणि झाडाचा तोल जाऊ नये म्हणून दुसरे अंगही उतरवतो. उरतो तो उघडा बुंधा आणि त्यावर चार-पाच खुंट. मग ५ जूनला पर्यावरण दिनाची लागवड होते, तीही बहुधा त्याच रस्त्याच्या कडेला.

लागवडीविषयी राज्यात पुष्कळ बोलले गेले आहे. २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे शासनाने जाहीर केली होती. उभ्या झाडाच्या निगराणीच्या वाट्याला असे आकडे येत नाहीत. लहान गावातले मोठे झाड मरते ते बहुतेक वेळा रोजच्या कामात: चर खणताना, फरशी बसवताना, फांदी उतरवताना. ही कामे करणाऱ्या हाताला कोणी काही शिकवलेले नसते. आजच्या भाषणाचा विषय हा हात आहे.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, तोडीपूर्वी झाडावर नोटीस आणि नागरिकांच्या हरकती, हे सगळे त्यात आहे. ‘झाड तोडणे’ याची व्याख्याही त्यात रुंद आहे. जाळणे, कापणे यांच्याबरोबर झाडाला कोणत्याही रीतीने इजा पोचवणे हे तोडणेच ठरते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. मात्र ऐंशी वर्षांच्या वडाच्या बदल्यात ऐंशी रोपे हे गणित कागदावर बरोबर येते आणि रस्त्यावर चुकते. लहान नगरपालिकेकडे ऐंशी मोकळ्या जागा नसतात. असल्या, तरी त्या रोपांची सावली पडायला एक पिढी जाते.

अडचण माणसांची आहे. ‘क’ वर्ग नगरपालिका म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीचे गाव. तिथे वृक्ष अधिकारी हा बहुधा स्वच्छता निरीक्षक किंवा बांधकाम विभागातला अभियंता असतो, आणि वृक्षांचे काम त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते. घंटागाडी, नाला, पाणीपुरवठ्याच्या तक्रारी यांतून उरलेल्या वेळात त्याने झाड पाहायचे. झाड तपासायचे कसे, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले नसते. या अधिकाऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

आता फांदीकडे वळू. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या आणि १९७७ साली जे मांडले त्याने छाटणीचे शास्त्र बदलले. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभारते, कुज आतच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. अशी एक भक्कम भिंत फांदीच्या मुळाशी, खोडाला लागून असलेल्या फुगवट्यात तयार होते. तो फुगवटा कापला गेला तर कुजीला खोडात शिरायला रस्ता मिळतो. उलट हातभर खुंट सोडला तर तो वाळतो, त्यात बुरशी बसते आणि तीही आत सरकते. म्हणून कापायचे ते फुगवट्याच्या अगदी बाहेर. फांदी जड असेल तर तीन कापांत: आधी खोडापासून फूट-दीड फुटावर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडे पुढे वरून, म्हणजे फांदी साल न ओरबाडता खाली येते, शेवटी उरलेला खुंट फुगवट्याजवळ. हे शिकायला एक सकाळ पुरते. न शिकता केले तर फांदी मोडताना खोडाची साल दोन-दोन हात सोलून नेते, आणि ती जखम त्या झाडाच्या आयुष्यभर राहते. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने झाड वाचते ही समजूतही शायगोंच्या कामानंतर टिकलेली नाही.

शेंडा मारण्याची पद्धत तर सर्वांत घातक. लोकांना वाटते, झाड बुटके झाले, आता पडणार नाही. प्रत्यक्षात कापलेल्या टोकाभोवती धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे मूळ फांदीसारखे आत रुजलेले नसतात, सालीलगतच्या थरावर तोलून धरलेले असतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात, खालचे लाकूड तोवर कुजलेले असते, आणि वादळात तेच मोडून पडतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेल्या छाटणीतून धोका तयार होतो. एका हंगामात पालवीच्या चौथाईपेक्षा जास्त भाग काढू नये, असा वृक्षतज्ज्ञांमध्ये रूढ संकेत आहे. मे महिन्यातल्या त्या रस्त्यावर तो किती पाळला जातो, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

यामागे एक व्यवहारही आहे आणि त्याबद्दल उघड बोलले पाहिजे. कित्येक ठिकाणी छाटणीच्या कामाला पुरेसा दर दिला जात नाही. निघालेले लाकूड ठेकेदाराने न्यायचे, त्यातच त्याची मजुरी. असे ठरले की बोटाएवढ्या वाळक्या काटक्यांना कोण हात लावणार? करवत जाड, निरोगी, वखारीत वजन देणाऱ्या फांदीवरच जाते. धोकादायक वाळकी फांदी मात्र रस्त्यावर लोंबत राहते. हे बदलायला नवा कायदा लागत नाही. निविदेत दोन अटी पुरेत: लाकूड नगरपालिकेचे, आणि मजुरी झाडागणिक, पर्यवेक्षकाने खडूने खूण केलेल्या फांद्यांपुरती. महावितरणबरोबरही मार्चमध्येच एकत्र पाहणी होऊ शकते. जिथे मोठी झाडे आहेत त्या रस्त्यांवर उघड्या तारांऐवजी एरियल बंच केबल टाकली तर छाटणीची गरजच बरीच कमी होते.

फांदी निदान दिसते. मुळांचे दुःख कोणाला दिसत नाही.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पसरतात ती पर्णसंभाराच्या घेराच्याही बाहेर. नळाचा, भुयारी गटाराचा किंवा ऑप्टिकल फायबरचा चर नेमका याच थरातून जातो. जेसीबीचा दात मुळे कापत नाही, ओढून फाडतो. झाड एक-दोन वर्षे हिरवे राहते, मग शेंड्याकडून वाळू लागते किंवा पहिल्या वळवात चराच्या उलट बाजूला आडवे होते. पंचनाम्यात ‘वादळाने पडले’ अशी नोंद होते. बुंध्यालगत चर हाताने खणावा, जाड मुळाखालून नळ ढकलून न्यावा, एवढी सूचना कामाच्या आदेशात असली तरी पुष्कळ झाडे वाचतील.

बुंध्यापर्यंत भिडवलेले पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट यांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिल्लीसाठी स्पष्ट आदेश दिला होता: झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, पाट्या आणि खिळे काढा. खिळ्यांबाबत पुण्याच्या ‘अंघोळीची गोळी’ या गटाने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली आणि ती इतर गावांतही पोचली. मालमत्तेचे विद्रूपण रोखणाऱ्या १९९५ च्या राज्याच्या कायद्यात भिंत, खांब यांच्या जोडीला झाडाचाही समावेश आहे, हे शिकवणीवर्गांच्या पाट्या ठोकणाऱ्यांना नोटिशीतून कळवायला हवे.

महाराष्ट्राच्या गावांचा खास प्रश्न आहे तो पाराचा. वड-पिंपळाभोवतीचा जुना पार ओबडधोबड दगडांचा असे, सांध्यांत चुना-माती, वर मोकळी जमीन. पावसाचे पाणी त्यातून जिरे, मुळांना हवा मिळे, आणि बसायला जागा ती वेगळीच. गेल्या काही वर्षांत सुशोभीकरणाच्या निधीतून या पारांवर ग्रॅनाइट आणि गुळगुळीत फरशी चढली आहे. कडेने स्टीलचे कठडे, मधे बुंध्याला टेकलेले सिमेंट. पार उंच करताना बुंध्याभोवती दोन-तीन फूट भराव टाकला जातो. खोड आणि मुळांच्या संधीची जागा अशी गाडली गेली की साल ओली राहते आणि कुजू लागते. वडाच्या पारंब्या रहदारीला अडतात म्हणून छाटल्या जातात. त्या पारंब्या जमिनीत पोचून खांब होणार असतात आणि आडव्या फांद्यांचा भार तेच खांब पेलतात. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात येणाऱ्या फांद्या कुठून तोडल्या जातात, हाही विचार व्हावा. पूजा पारावर जाऊन व्हावी, घरी फांदी आणून नको, असे गावोगावच्या महिला मंडळांनीच सांगितले तर त्याचा उपयोग नगरपालिकेच्या फलकापेक्षा जास्त होईल.

जुना वड वाचवणे म्हणजे काय, याची काही उदाहरणे समोर आहेत. हावड्यातल्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. झाड आजही पारंब्यांवर उभे आहे, कारण त्या पारंब्या सांभाळल्या गेल्या. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या शेकडो वर्षांच्या वडाला वाळवीने पोखरले, तेव्हा २०१८ साली त्याच्या खोडात सलाइनच्या बाटल्यांतून औषध थेंबथेंब सोडण्यात आले, फांद्यांना आधार देण्यात आला. याउलट मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. २०२० साली लोक उभे राहिले, सरकार हलले, रस्त्याची आखणी बदलली. राज्यभर आनंद झाला. २०२२ मध्ये तो वड कोसळला. झाड कुऱ्हाडीतून सुटले की बातमी संपते, आणि मुळे, खोड, आधार यांची तपासणी खरे तर त्याच दिवशी सुरू व्हायला हवी.

झाडाची भीती बाळगणाऱ्या नागरिकांनाही येथे बाजूला सारता येणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत रस्ते झाडांखाली गेले, माड-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्याच्या घरावर आंबा पडला त्याला ऑक्सिजनचे महत्त्व सांगण्यात अर्थ नाही. त्याचा अर्ज आला की कोणी तरी जाणत्याने जाऊन झाड पाहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. बुंध्याशी गॅनोडर्मासारख्या बुरशीची कठीण छत्री दिसते का, लाकडी हातोड्याने ठोकल्यावर खोड पोकळ वाजते का, मुळांच्या एका बाजूची जमीन उचलली गेली आहे का, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली आहे का. या चार गोष्टी पाहायला यंत्र लागत नाही. त्या पाहून लिहिलेला एक पानी अहवाल अर्जदारालाही पटतो. ‘झाड निरोगी आहे, परवानगी नाकारली’ या एका ओळीने कोणाचेच समाधान होत नाही.

वृक्षगणनेचाही हेतू हाच असला पाहिजे. मुंबईच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. लहान गावात हा आकडा काही हजारांत असतो, म्हणजे प्रत्येक झाड ओळखीचे होऊ शकते. जात, घेर आणि जागा यांच्याबरोबर ‘काय करायला हवे’ हा रकाना भरला, तरच ती नोंदवही उपयोगाची. कोणते झाड कुठे लावावे हेही त्यातून ठरेल: तारांखाली ताम्हण, बहावा, कांचन यांसारखी मध्यम उंचीची, मोकळ्या मैदानाकडेला वड, शिरीष, जांभूळ. झटपट हिरवे दिसते म्हणून कोनोकार्पस आणणे थांबवावे. गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

हे सगळे करणारा शेवटी एक माणूस आहे. आज तो रोजंदारीवर आहे, पायात चप्पल, कमरेला कोयता, सुरक्षेला दोर नाही. पडला तर विमा नाही. कोकणात माडावर चढणाऱ्यांकडे पिढ्यांचे कौशल्य आहे, शहरांच्या अग्निशमन दलांकडे दोरखंड आणि शिड्यांचा सराव आहे, कृषी विद्यापीठांकडे उद्यानविद्येचे अध्यापक आहेत. एका जिल्ह्यातल्या पाच-सहा नगरपालिकांनी मिळून आठ-दहा जणांचे वृक्षपथक उभारले, त्यांना या तिघांकडून शिकवले, कुशल कामगाराचा दर, हेल्मेट, कमरपट्टा आणि अपघात विमा दिला, तर तो खर्च एका पाराच्या ग्रॅनाइटपेक्षा फार मोठा होणार नाही. वृक्षासाठी उपकर घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तो पैसा रोपे आणि ट्री-गार्ड यांच्या खरेदीतच संपू नये.

नगरपालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारीत सभेपुढे जातात. ‘उभ्या झाडांची निगा’ असे स्वतंत्र शीर्ष त्यात यावे, असा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाणार आहे. छाटणीच्या निविदेचा नमुना आणि एक पानी तपासणी अर्ज त्याला जोडलेले आहेत. त्यांत दुरुस्त्या सुचवण्याची पहिली संधी मागच्या रांगांत बसलेल्या, प्रत्यक्ष झाडावर चढणाऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावी, अशी अध्यक्षाची विनंती आहे. नमुन्यातल्या कोणत्या अटी झाडावर चढल्यावर पाळता येतात आणि कोणत्या येत नाहीत, ते तिथे बसलेल्यांना ठाऊक आहे.