पालक, पाल्य आणि डोंगरातली सायकल

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



'किशोरवयीन मुले आणि पालक' हा विषय संस्थेने मला दिला. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. नागपुरात वाढलेला, नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात राहणारा आणि एका मुलीचा बाप, एवढीच माझी पात्रता. म्हणून पुस्तकातले काही न सांगता, २०२४ च्या एप्रिल महिन्यात मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी एका सायकल महोत्सवाला गेलो होतो, तिथे जे पाहिले आणि त्यावरून जे विचार मनात आले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या सायकलीविषयी थोडे. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, दगडधोंड्यांतून आणि वाळूतून चालवायची जाड टायरची सायकल म्हणजे माउंटन बाइक. आज तिच्या किमती लाखांत गेल्या आहेत, त्यामुळे हा पैसेवाल्यांचा खेळ आहे असे कोणालाही वाटेल. पण तिचा जन्म भंगारातून झाला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या टाकाऊ सायकली थोडक्या पैशांत मिळवीत, मडगार्ड वगैरे काढून टाकीत आणि डोंगरउतारावरून खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार इतका तीव्र की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक तापून आतले ग्रीस जळून जाई. खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', असे पडले. त्यांच्यातल्याच जो ब्रीझ या तरुणाने १९७७ साली खास डोंगरासाठी नवी फ्रेम बनवायला घेतली. आणि अवघ्या वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत दाखल झाला. हाताशी जे आहे त्यातून नवे उभे करणे याला मोठे भांडवल लागत नाही, एवढे या इतिहासावरून दिसते.

आम्ही ज्या महोत्सवाला गेलो त्याचे नाव 'सी ऑटर क्लासिक'. सी ऑटर म्हणजे समुद्रात राहणारे पाणमांजर. माँटेरेच्या उपसागरात हा प्राणी दिसतो, त्यावरून हे नाव. १९९१ पासून लागुना सेका या मोटारशर्यतींच्या मैदानावर हा महोत्सव भरत आला आहे. सान होजेहून साधारण दीड तासाचे अंतर. महोत्सव चार दिवसांचा, पण शाळा आणि नोकरी सांभाळून आम्ही शनिवार-रविवार गाठला. तंबूत मुक्काम केला. सकाळी समुद्रावरून येणारे धुके आणि त्यातून सायकली घेऊन निघालेली माणसे. कुठे साठी उलटलेले आजोबा, कुठे पायडलही नसलेल्या चिमुकल्या सायकलीवरचे बाळ, आणि पुष्कळ ठिकाणी आई-वडील व त्यांच्या खांद्याला लागलेली मुले. त्या मेळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुले पुढे होती आणि पालक मागे. चढावर मुलगा वर जाऊन थांबलेला आणि बाप धापा टाकीत येतो आहे, हे दृश्य तिथे कोणालाच नवल वाटत नव्हते.

आता जागेविषयी सांगतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथूनच निघतो. या मैदानाला लागून फोर्ट ऑर्ड नावाची विस्तीर्ण टेकड्यांची जमीन आहे. १९१७ पासून तिथे अमेरिकी सैन्याचा सराव चाले. १९९४ साली ही छावणी बंद झाली. १९९५ मध्ये तिच्या काही भागात एक सार्वजनिक विद्यापीठ सुरू झाले, आणि २०१२ मध्ये मोठा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. जिथे तोफा चालत तिथे आज मुले पदवीचे शिक्षण घेतात आणि सायकली चालवतात. परंतु सगळी जमीन मोकळी नाही. ज्या भागात दारूगोळ्याचा सराव होई, तिथे न फुटलेला दारूगोळा अजून असू शकतो. म्हणून तिथे कुंपण आहे आणि कुंपणावर स्पष्ट पाट्या आहेत. त्याच्या अलीकडे मात्र वळणावळणाच्या, ओक वृक्षांखालून जाणाऱ्या मैलोगणती वाटा खुल्या आहेत. तिथे पडाल, खरचटेल, पॉइझन ओक नावाच्या झुडपाला अंग लागले तर पुरळ उठेल, आणि चांगली दोन आठवडे खाज सोसावी लागेल. पण त्यासाठी कोणी कुंपण घातलेले नाही.

मित्रहो, मुलांना वाढवताना आपल्यालाही हेच करायचे असते. खरा दारूगोळा कुठे आहे आणि नुसते खरचटण्याची भीती कुठे आहे, हे वेगळे करायचे असते. डोक्याला शिरस्त्राण हवे, यात वाटाघाटी नाही. कॅलिफोर्नियात १९९४ पासून अठरा वर्षांखालील सायकलस्वाराला ते कायद्यानेच बंधनकारक आहे. व्यसन, भरधाव वाहन, खोल पाणी ही खरी कुंपणे आहेत, ती पक्कीच असली पाहिजेत. पण मुलगी एकटी वाचनालयात गेली, मुलाने विज्ञान सोडून कला शाखा मागितली, सहलीला नाव दिले, तिथेही आपण तशाच पाट्या लावल्या तर खऱ्या पाटीला किंमत उरत नाही. सगळीकडेच 'धोका' लिहिलेले असले की मुले एकही पाटी वाचत नाहीत.

शनिवारी आम्ही दोघे सरावाला त्या वाटांवर गेलो. माझ्या मुलीचे नाव दुसऱ्या दिवशीच्या नवशिक्यांच्या शर्यतीत होते. एका ठिकाणी घसरत्या वाळूचा उभा उतार आला. ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "तूच ठरव. पण आधी चालून बघ." या खेळातली ही जुनी रीत आहे. अवघड जागा आली की सायकल बाजूला ठेवायची, पायी खाली जायचे, दगड कुठे, वाळू कुठे, ब्रेक कुठे सोडायचा हे पाहायचे, मग वर येऊन निर्णय घ्यायचा. ती चालत गेली, परत आली आणि सायकलवर बसली. दोन्ही पायडल समान उंचीवर, अंग मागे, नजर दहा हात पुढे. या खेळात असे शिकवतात की नजर जिकडे, सायकल तिकडे. दगड चुकवायचा असेल तर दगडाकडे पाहायचे नाही. ती उतरून गेली. माझ्या छातीत काय झाले ते इथल्या प्रत्येक बापाला कळेल.

पुढे आणखी एक उतार आला. तिथे पावसाने खोल चर पडली होती. तिने तोही चालून पाहिला आणि म्हणाली, "हा नको, पप्पा." सायकल हातात धरून ती पायी खाली गेली. मागून येणारी तिच्याच वयाची मुले तिच्या बाजूने भराभर उतरून गेली. तिने त्यांना वाट दिली आणि आपली चालत राहिली.

बंधू-भगिनींनो, पहिला उतार पाहून कोणीही टाळ्या वाजवील. मला दुसरा उतार अधिक मोलाचा वाटतो. बरोबरीची मुले पुढे जात असताना, कोणी अडवलेले नसताना, तिने स्वतःच्या विचाराने 'नको' म्हटले. आपली मुले उद्या शिकायला पुण्या-मुंबईला, परदेशात जातील. वसतिगृहात रात्री कोणी मोटारसायकलवर तिघे बसायला सांगेल, कोणी ग्लास पुढे करील. तिथे आपण नसू. ज्या मुलीला जन्मभर दुसऱ्यांनीच 'नको' म्हटले, तिला स्वतः 'नको' म्हणायची सवय कशी लागणार? ती सवय लहान उतारांवर, आपण जवळ उभे असतानाच लागली पाहिजे.

आता संवादाविषयी. परतीच्या वाटेवर तिचे मागचे चाक पंक्चर झाले. माझे वडील नागपुरात गिरणीत कामाला होते आणि रोज सायकलने जात. दांड्याखालून पाय घालून सायकल शिकलो तेव्हाच पंक्चर काढणेही मी त्यांच्याकडून शिकलो होतो. आम्ही वाटेच्या कडेला बसलो. टायर उचकटले, ट्यूब ओढून काढली, हवा भरली, ओठांजवळ फिरवून छिद्र शोधले. मी घासत होतो, ती सोल्युशन लावत होती. दोघांची नजर ट्यूबवर. आणि त्या वेळी, काही न विचारता, ती बोलू लागली. जानेवारीत तिची शाळा बदलली होती. नव्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर बसायला कोणी नव्हते. तीन महिने ती डबा घेऊन ग्रंथालयाच्या मागे एकटी बसत होती. "मार्क चांगले होते ना पप्पा, म्हणून तुम्हाला कळलं नसेल," असे ती सहज म्हणाली.

मी ठिगळ दाबून धरले होते. ते चिकटेपर्यंत हात काढता येत नाही. म्हणून मी उपदेश केला नाही, शाळेला फोन करतो असेही म्हणालो नाही. नुसते ऐकले. घरी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून आपण विचारतो तेव्हा मुलांना ती तोंडी परीक्षा वाटते. खांद्याला खांदा लावून एखादे काम करताना तीच मुले मोकळी होतात. काम कोणतेही चालेल. पालेभाजी निवडणे असो, भिंतीला रंग देणे असो, पंक्चर काढणे असो. गुणपत्रिकेत ग्रंथालयाच्या मागची जागा छापलेली नसते.

दुसऱ्या दिवशी तिने शर्यत पुरी केली. क्रमांक मधलाच आला. तिथेच तिला शाळकरी मुलांच्या सायकल संघाची माहिती मिळाली. उत्तर कॅलिफोर्नियात २००१ पासून शाळांच्या अशा स्पर्धा होतात आणि २००९ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचा एक दंडक मला फार आवडला. संघातले कोणीही मूल राखीव म्हणून बाकावर बसत नाही, प्रत्येक जण शर्यतीत उतरतो. पालकही प्रशिक्षण घेऊन मदतनीस होतात. माझी मुलगी त्या संघात गेली, आणि डबा खायला तिला चार जणी मिळाल्या.

आपल्या संस्थेने काय करावे, हे सांगून मी थांबतो. महागड्या सायकली लागत नाहीत. घरात असलेली साधी सायकल, नसेल तर भाड्याची. महिन्यातला एक रविवार, सकाळची वेळ, गावाबाहेरच्या तलावापर्यंतची कच्ची वाट. प्रत्येक मुलाबरोबर आई, वडील, मामा, मावशी, कोणी तरी एक मोठे माणूस. मुलींची संख्या मुलांइतकी असावी, हा आग्रह धरावा. बक्षीस ठेवू नये. पोहोचेल त्या प्रत्येकाचे नाव फलकावर लिहावे. संस्थेने निधीतून पंधरा-वीस शिरस्त्राणे, एक पंप आणि पंक्चरचे साहित्य घेऊन ठेवावे. आणि पंक्चर झाले तर दुकान शोधू नये, मुलांनाच काढू द्यावे, पालकाने फक्त ठिगळ धरावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. निघण्यापूर्वी ब्रेक तपासा, कुठे जातो आणि केव्हा येतो ते घरी सांगा, आणि चढावर आई-वडील मागे पडले तर वर पोहोचून त्यांच्यासाठी थांबा. तुम्ही जिथे जाणार आहात तिथपर्यंत त्यांच्यातले अनेक जण कधी गेलेले नाहीत. त्यांची भीती त्या न पाहिलेल्या वाटेची आहे, तुमच्यावरच्या अविश्वासाची नाही.