नुसते ओठ हलव



मी रायपूरचा. घरी मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी. भोसल्यांच्या काळापासून इथं मराठी घरं आहेत, त्यामुळे गणपती आले की आरत्या, नाटकं, समूहगीत सगळं असायचं. १९९३ साली मी सातवीत होतो. समूहगीत बसवणाऱ्या काकांनी मला तालमीत थांबवलं. म्हणाले, "तू गाऊ नकोस. रांगेत उभा राहा, नुसते ओठ हलव."

मी हलवले. समोर बसून आई टाळ्या वाजवत होती.

दोन वर्षांनी मामेभाऊ हावडा मेलने मुंबईहून आला. त्याच्याकडे भरून घेतलेली एक कॅसेट होती. एका बाजूला रामोन्स, दुसऱ्या बाजूला द क्लॅश. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम म्हणजे १४ गाणी, २९ मिनिटं. मोजके कॉर्ड आणि सुसाट वेग. शब्द निम्मेही कळले नाहीत. पण एक कळलं: हा माणूस परवानगी मागून गात नाहीये.

मग जुनी गिटार आली. एका मित्राने पत्र्याचे डबे वाजवायला घेतले. गच्चीवर आम्ही छत्तीसगढीत तीन गाणी केली. शेजाऱ्यांनी तक्रारही केली. पण माझा आवाज मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

पुढे मला कळलं की हीच गोष्ट आपल्या रायपूरच्या माणसालाही उमगली होती. हबीब तन्वीर लंडनच्या राडा संस्थेत शिकून आले. नाचाच्या कलाकारांना घेऊन नाटकं करू लागले, पण ते कलाकार हिंदीत आणि आखून दिलेल्या हालचालींत अवघडायचे. चूक कलाकारांची नाही, आपली आहे, हे हबीबसाहेबांनी ओळखलं. त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत मोकळं सोडलं. १९७५ मध्ये 'चरनदास चोर' आलं आणि १९८२ मध्ये एडिंबरामध्ये गाजलं. नाचा आणि पंक यांचा तसा काही संबंध नाही. नाचाचे कलाकार तर पिढ्यान्‌पिढ्यांचे मुरलेले. पण दुसऱ्याच्या आवाजात कुणीच मोकळा होत नाही, हे दोन्हीकडे खरं.

आज माझी चाळिशी उलटली. मी संगीतकार झालो नाही, विमा विकतो. केस कधी रंगवले नाहीत. तरी ती गाणी अजून ऐकतो. कॉलनीच्या सभेत सगळे माना डोलावत असतात, तेव्हा उठून "मला पटत नाही" म्हणायचं बळ मला तिथून मिळतं.

मागच्या वर्षी आईला ती ओठांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "माहीत होतं मला. तुझा आवाज मी ओळखणार नाही का? त्या दिवशी तो नव्हताच. मग गच्चीवरून आला, तेव्हा शेजारच्यांना मीच गप्प केलं."