बिल कोणाच्या नावाचं?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचने शाळेला दोन हार्मोनियम, दोन तबलाजोड्या आणि लेझमींचा एक संच भेट द्यायचं ठरवलं आहे. जालन्यात माझं वाद्यांचं दुकान असल्यामुळे खरेदीचं काम माझ्याकडे आलं. हा माल मी खरेदीच्याच भावात देणार आहे. शिवाय शाळेचं पत्र दाखवलं की घाऊक व्यापारीही दर आणखी उतरवतो.

हे कळल्यावर ग्रुपवर एक सूचना आली : सवलत मिळतेच आहे, तर आपल्या मुलांचे कीबोर्ड आणि गिटारही याच बिलात घेऊन टाकू. सूचना करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी जाणतो. मी 'नको' म्हणालो, तेव्हा काहींना वाटलं, दुकानदार आपला नफा सांभाळतोय. कीबोर्ड माझ्याकडूनच घ्या असा माझा आग्रह नाही. कुठूनही घ्या. फक्त शाळेच्या नावावर घेऊ नका. का, ते सांगतो.

सवलत कोणाच्या तरी पदरातून जाते. शाळेला ती देण्यामागे आमचा हिशेब असतो. ऑर्डर एकदम मिळते, पैसे बुडत नाहीत आणि शाळेत पेटीवर बोटं ठेवलेलं मूल पुढे कधीतरी गिऱ्हाईक म्हणून येतं. शिवाय विद्येच्या दारात थोडं सोडावं, ही भावना असतेच. देणाऱ्याने एका पानात वाढलं आणि आपण ते दुसऱ्या पानात ओढून घेतलं, तर ती लबाडीच झाली.

या साखळीच्या टोकाला कारागीर बसलेला असतो. मिरजेचे सतार-तंबोरे तुम्हाला माहीत आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे आणून, वाळवून, कोरून ही वाद्यं घडतात. तबल्याची पुडीही हातानेच तयार होते आणि शाईचे थर एकावर एक घासून बसवावे लागतात. खोट्या नावाने दर पाडायची सवय लागली, की तो भार सरकत सरकत या हातांवर येतो. आपल्याला तो दिसत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना चांगली ठाऊक आहे. शाळेच्या नावावर बिल झालं, की ती वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढायला हवी. गिटार आपल्या घरी आणि नोंद शाळेत, असं झालं तर रजिस्टर खोटं ठरतं. नोंदच केली नाही, तर बिल खोटं ठरतं. उद्या तपासणीत विचारणा झाली, तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागेल. आपण मात्र पुण्या-मुंबईला निघून गेलेलो असू.

कुणी म्हणेल, मग ज्याला परवडत नाही त्या मुलाने शिकूच नये का? जरूर शिकावं. ब्रिटनमध्ये यासाठी सरळ मार्ग आहे. तिथल्या सरकारी शाळेत वाद्य शिकणाऱ्या मुलाला शाळेमार्फत स्वतःचं वाद्य घेता येतं आणि त्यावर २० टक्के व्हॅट लागत नाही. पण मूल शाळेत ते वाद्य शिकत असलं पाहिजे आणि त्या शिक्षणासाठी वाद्याची गरज असली पाहिजे. म्हणजे वाद्य मुलाच्या मालकीचं असूनही सवलत रास्त ठरते, कारण कोणासाठी घेतलं हे कागदावर खरं लिहिलेलं असतं.

माझी कसोटी साधी आहे. जे चाललंय ते दुकानदाराला तोंडावर सांगता येईल का? 'मुलगी शिकतेय, जरा कमी करा,' असं कुणी म्हणालं तर मी कमी करतो. दुसरे दुकानदारही करतात. मागण्यात कमीपणा नाही. हो किंवा नाही म्हणायची संधी मात्र समोरच्याला मिळायला हवी.

आपल्या गावात देवळातली वीणा, पखवाज, टाळ सगळ्यांचे असतात. सप्ताह संपला म्हणून कुणी पखवाज घरी नेऊन 'माझा' म्हणत नाही. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव भरतो. तिथे मोठे कलावंत ऐकून घरी परतणाऱ्या एखाद्या पोराच्या घरात पेटी नसते. शाळेच्या नावाची सवलत खरं तर त्याची आहे.

म्हणून माझी विनंती अशी. सवलतीमुळे वाचलेल्या पैशांत आपण एक जास्तीची हार्मोनियम घेऊ. बिल शाळेच्या नावाचं, नोंद रजिस्टरला. शिकणाऱ्या मुलाला ती सही करून सुट्टीत घरी नेता यावी, एवढी परवानगी मुख्याध्यापकांनी द्यावी. तिच्या दुरुस्तीचं मी पाहीन. भाता फाटला, स्वर बिघडला, तर पेटी थेट दुकानात पाठवा.