आतड्याचे आजार आणि आर.एन.ए.वरच्या खुणा



विषय ऐकायला अवघड आहे. पण आपल्यापैकी बरेचजण कचेरीत नोकरी केलेले आहेत, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. अर्जाचा मजकूर तोच असतो. त्यावर 'तातडीचे' असा शिक्का पडला तर कागद धावतो, 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला तर कपाटात जातो. पेशीतही असेच घडते. डी.एन.ए. ही मूळ नोंदवही. तिची कामापुरती नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए.; तिच्यावरून प्रथिने बनतात. आर.एन.ए.वर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. अशा १७० हून अधिक खुणा आज ज्ञात आहेत.

संदेशवाहक आर.एन.ए.च्या आतल्या भागात सर्वाधिक आढळणारी खूण 'एम-६-ए'. ती १९७४ साली सापडली. 'मेटल-३' व 'मेटल-१४' ही जोडी ती खूण करते. एफ.टी.ओ. हे प्रथिन ती खोडते, हे २०११ साली कळले आणि मग संशोधनाला वेग आला. खूण वाचणारी प्रथिने निराळी. नक्कल टिकवायची की नष्ट करायची, हे ती ठरवतात.

आता पोटाकडे येऊ. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. एवढ्या घाईत खुणा चुकल्या तर? २०२० साली उंदरांच्या टी पेशींतून मेटल-१४ काढून टाकले, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्याला आपोआप दाह झाला. जठराच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक गाठींत मेटल-३ वाढलेले दिसते. सर्व निष्कर्ष मात्र एका दिशेचे नाहीत. म्हणून एकच गुन्हेगार सापडला, असे मी म्हणणार नाही.

गंमत पाहा, फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे १९५७ सालचे औषध आजही मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. ते आर.एन.ए.त शिरून 'स्यूडोयुरिडिन' नावाची खूण करणाऱ्या विकरांनाही अडवते!

परंतु पोटाच्या आजारात या खुणा दुरुस्त करणारे उपचार अजून रुग्णालयात रुळलेले नाहीत. तसे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. माझ्या चुलत्यांनी शौचावाटे रक्त पडत असता वर्षभर मूळव्याध समजून काढा घेतला. दुर्बिणीने तपासले तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. वजन घटत असेल, रक्त पडत असेल, तर लाजू नका; आधी तपासून घ्या.

बी.एस्सी.च्या मुलांसाठी आता फळ्यावर आकृती काढतो. प्रश्न मोकळेपणाने विचारा.