यंत्राचा दर्शनी भाग

अंबड तालुक्यातील एका कपाशीच्या शेताच्या बांधावर एक प्रौढ शेतकरी हातात मोबाईल धरून उभा आहे, असे चित्र श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची जी नोंद पूर्वी तलाठ्याने पाहणी करून गाव नमुना बारामध्ये घ्यावयाची, ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, मोबाईलवरून करावी अशी ही योजना. योजना स्तुत्य खरीच. आपल्या वावरात काय उभे आहे हे शेतकऱ्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? परंतु पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. गट क्रमांक निवडावयाचा, हंगाम निवडावयाचा, पीक निवडावयाचे, आणि पुढे जाण्याची खूण शोधावयाची. त्यात भर उन्हात पडदा धड दिसत नाही. दोन-चार वेळा खटपट करून गृहस्थ मोबाईल मुलाच्या हाती देतो व म्हणतो, "तूच भर रे बाबा. आपण अडाणी माणसं." मुलगा शिक्षणासाठी परगावी असला तर नोंद राहून जाण्याचा संभव, आणि अतिवृष्टीची भरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांची वेळ आली म्हणजे ती राहिलेली नोंद आठवते.

हा मनुष्य अडाणी आहे काय? मातीचा ओलावा मुठीत पाहून जो पेरणी ठरवितो, बाजारातील हिशेब तोंडी करतो, वर्तमानपत्र वाचतो, त्यास अडाणी कोण म्हणेल? त्याचे अडले आहे ते त्याच्या व यंत्राच्या मधल्या जागी. या मधल्या जागेचा विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्रच आता उभे राहिले असून त्यास मानव-संगणक संवाद असे म्हणतात. यंत्राचा जो भाग माणसाच्या डोळ्यांपुढे व बोटांखाली येतो तो इंटरफेस, म्हणजे आपल्या भाषेत यंत्राचा दर्शनी भाग. संगणक शिकणारी शाळा-महाविद्यालयांतील मुले यंत्राच्या पोटात काय चालते ते हौसेने शिकतात. हा दर्शनी भाग मात्र रंगरंगोटीचे काम समजून मागे ठेवला जातो.

ही समजूत किती महाग पडते याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. अमेरिकेच्या बी-17 जातीच्या बाँबफेकी विमानांचे काही वैमानिक विमान सुखरूप उतरविल्यावर चाकेच वर ओढून घेत, आणि विमान पोटावर आपटे. वैमानिकांचा निष्काळजीपणा, असा शेरा पडावयाचा. अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले, तो चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी-शेजारी, रूपाने सारखे! त्याने एकावर लहानसे रबरी चाक व दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविण्याची युक्ती काढली. अंधारातही बोटांना भेद कळू लागला. पुढे 1947 साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या म्हटल्या जाणाऱ्या 460 चुका तपासल्या, आणि त्यांतील कितीतरी चुकांचे मूळ खटक्यांच्या मांडणीतच आढळले.

परंतु इतके दूर जावयाचे कारण नाही. आपली मराठी लिपी यंत्रावर कशी चढली, ही हकीकत या शास्त्राचा उत्तम धडा आहे. टंकलेखन यंत्र इंग्रजीसाठी जन्मले. त्याच्या सुमारे चार डझन कळींवर आपली स्वर-व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे बसवावयाची म्हणजे पसाभर भांड्यात पायली ओतण्यासारखे! कारागिरांनी अक्षरांचे तुकडे केले. ख, थ, ध, भ, श यांसारखी अक्षरे अर्धीच ठेवून त्यांना मागाहून काना जोडावयाचा असे ठरले. पहिली वेलांटी कागदावर डावीकडे येते म्हणून ती अक्षराच्या आधी उमटवावयाची. 'कि' असे मुखाने म्हणताना क आधी येतो, बोटाने लिहिताना मात्र वेलांटी आधी. हजारो टंकलेखकांनी महिनोन्‌महिने सराव करून ही उलटी चाल अंगी बाणवली, हे त्यांचे कौतुक. यंत्र जागचे हलले नाही. हलावे लागले ते माणसाला.

संगणक आल्यावर हा नाइलाज संपला, कारण अक्षराचे रूप जुळविण्याचे काम यंत्र स्वतः करू शकते. 1986 साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात वर्णमालेचेच तत्त्व आहे. स्वर डाव्या हाताशी, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताशी. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्ट दाबून. वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. एवढी शास्त्रशुद्ध मांडणी असूनही ती घरोघर पोचली नाही. कारण उघड आहे: विकत मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर चित्र रोमन अक्षरांचे, मग क कोठे आहे हे नवख्यास कळावे कसे? म्हणून सुशिक्षित घरांतील मुले रोमन अक्षरांनी मराठी लिहू लागली, आणि कला, काळा, कळा, काला हे चारही शब्द एकाच रोमन सोंगात फिरू लागले. तीच गत आचार्य आणि आचारी यांची. 'आचार्यास दक्षिणा' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा' यांतला भेद दाखविणारी खूण ज्या यंत्रावर सापडत नाही, त्यावर लिहिणाऱ्याने स्वयंपाक्याला गुरुपदी बसविले तर दोष कोणाचा? इनस्क्रिप्टवर हा दुसरा ऱ दिला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 1969 साली स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. कळफलकाची माहिती नसलेल्या माणसास काय येते, असे त्यांनी विचारले. त्यास वर्णमाला येते आणि बाराखडी येते! 2013 साली मोबाईलसाठी निघालेल्या 'स्वरचक्र' या ॲपमध्ये व्यंजने पाटीवर मांडल्यासारखी वर्गवार दिसतात. क वर बोट ठेवले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते व त्यात का, कि, की, कु असे पर्याय येतात. हव्या त्या दिशेला बोट सरकवावे की अक्षर उमटते. जोडाक्षर कसे दिसेल तेही आधीच दाखविले जाते. बालपणी पाटीवर गिरविलेली बाराखडी अशी साठाव्या वर्षी उपयोगी पडते.

अंबडच्या विद्यार्थ्यांना या शास्त्राचा श्रीगणेशा करण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. एक कोरा कागद घ्यावा. त्यावर मोबाईलचा पडदा काढावा. विषय पीक नोंदणीचा घ्यावा किंवा जालन्याच्या एसटीचे तिकीट काढण्याचा. मग तो आजीपुढे ठेवून, "आजी, तिकीट काढ बरं," इतकेच सांगावे व गप्प बसावे. हे गप्प बसणेच फार अवघड. मुलांचा हात मदतीसाठी शिवशिवतो. बोट कोठे थबकते, कोणत्या शब्दाशी कपाळावर आठी पडते, ते टिपून घ्यावे. "आवडलं का?" असे विचारू नये, कारण आजी नातवाचे मन राखावयास "छान आहे" असेच म्हणणार. असे चार-पाच जणांपुढे केले तरी मोठमोठ्या उणिवा उघड्या पडतात, असा याकोब नीलसन यांच्यासारख्या तज्ज्ञांचा अनुभव आहे. आजीचे बोट ज्या चौकोनावर भलतेच पडले तो खोडून नवा काढावा, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद बसस्थानकावर, दुपारच्या उन्हात, चष्मा घरी विसरून आलेल्या एखाद्या प्रवाशापुढे धरावा.